घरात चार वयं, आणि उत्तर एकच: ‘वय झालं’

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

ताई, नमस्कार. मी बेळगावच्या वडगावची. वय ४८. घरी मालक (५४), सासरे (७९) आणि मी. मुलगा २७ वर्षांचा, पुण्यात कंपनीत आहे. मालकांचे चार पॉवरलूम होते. दोन विकले, उरलेले दोन कधी चालतात, कधी बंद. ते घरात बोलतच नाहीत. हाक मारली तरी ओ देत नाहीत, संध्याकाळी बाहेर पडतात, पिऊन येतात, जेवून झोपतात. मामंजींनी उभं आयुष्य सीमालढ्यात काढलं. ८६ साली लाठ्या खाल्ल्या, हिंडलग्याच्या तुरुंगात राहिले. आता पहाटे तीनला उठून कात्रणांची ट्रंक उघडून बसतात, अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवतात, एकच गोष्ट चारदा विचारतात आणि मालकांना म्हणतात, ‘फुकट गेलं गा सगळं.’ या वर्षी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीलाही गेले नाहीत. मुलगा लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवतो. आणि माझं म्हणाल तर पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांत. आली की आठ-आठ दिवस जातं. रात्री घामानं जाग येते. परवा दूध उतू गेलं म्हणून मी ताट आपटलं आणि मग मोरीत जाऊन रडले. डॉक्टरांना विचारलं तर माझ्याबद्दल म्हणाले, ‘वय झालं, पिशवी काढून टाका.’ मामंजींबद्दल म्हणाले, ‘वय झालं, चालायचंच.’ आमच्या घरात सगळ्यांना एकदमच काय झालंय? माझं डोकं फिरलंय का? आधी कुणाला सांभाळू?

— एक भगिनी, वडगाव

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. आधी तुम्हाला सांभाळायचं. यात थोरपणा काही नाही, साधा हिशेब आहे. आठ-आठ दिवस अंगावरून जात असेल, तेही कधी पंधरा दिवसांच्या अंतरानं, तर अंगात रक्त किती उरलं असेल? जिना चढताना धाप लागते का? पायांत गोळे येतात का? सकाळी उठतानाच दमलेलं असता का? या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, ८च्या खाली गेलं तर ते गंभीर असतं. त्याच वेळी थायरॉइडही बघायला सांगा, कारण थायरॉइड बिघडला तरी पाळी अशीच बिघडते आणि माणूस असाच चिडचिडा होतो.

डोकं तुमचं फिरलेलं नाही. आपल्याकडच्या बायकांची पाळी साधारण ४६-४७च्या आसपास थांबते. सलग १२ महिने आली नाही की मग ‘गेली’ म्हणायचं. पण त्याआधीची काही वर्षं हीच खरी धामधुमीची. बीजकोशातून (ओव्हरीतून) येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू, शिस्तीत उतरत नाही. कधी उसळतं, कधी एकदम घसरतं. मेंदूत अंगाचं तापमान राखणारं एक केंद्र असतं, ते त्या चढउतारानं हुळहुळं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाबरून सगळी दारं उघडतं: भडका, घाम, छातीत धडधड, आणि जाग. अशा दहा-पंधरा तुटक्या रात्रींनंतर उतू गेलेलं दूध हे नुसतं दूध राहत नाही. ताट आपटलंत ना? स्टीलचंच असणार. जाऊ द्या.

यावर उपाय आहेत, आणि ‘सोसायचं असतं’ हा त्यातला उपाय नव्हे. घाम आणि भडके फार असतील तर हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल देतात. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी झालीय किंवा लिव्हरचा मोठा आजार आहे, त्यांना ते चालत नाहीत; त्यांच्यासाठी बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत. म्हणून हे मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायचं औषध नाही, तपासूनच घ्यायचं.

आता पिशवीबद्दल. सोनोग्राफी झाली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ४५ वर्षांपुढच्या बाईला असा अनियमित, जास्त रक्तस्राव होत असेल तर सोनोग्राफी करून, गरज वाटल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. त्यातून कारण कळतं. मग कारणाप्रमाणे गोळ्या, नाहीतर गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन (दिसायला कॉपर-टीसारखंच असतं), आणि यानं काहीच भागलं नाही तर शस्त्रक्रिया. आपल्याकडं क्रम उलटा लागतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा चहा पिता पिता एकमेकींना सांगतात, ‘काढून टाक गं, सुटशील.’ पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर जे काही वर्षांत व्हायचं ते एका दिवसात होतं, आणि हाडांवर, हृदयावर त्याचा भार पडतो. कारण न कळता, एकाच डॉक्टरच्या एका वाक्यावर टेबलावर झोपू नका. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा. ऑपरेशन लागणारच असेल तर तेही ‘बीजकोश ठेवणार की काढणार?’ हे विचारूनच करा. आणि एकदा पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा ठिपकाभर जरी रक्त दिसलं, तर ते ‘परत सुरू झाली’ असं समजून घरी बसायचं नाही.

हे तुमच्या शरीराचं झालं. सगळ्यांना एकदमच काय झालंय, याचं उत्तर मात्र एका दवाखान्यात मिळणार नाही.

एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) नावाचा एक मनोविश्लेषक होता. जर्मनीत जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला, पुढं अमेरिकेत गेलेला. माणूस मोठा झाला म्हणजे त्याची वाढ संपली, असं मानायच्या काळात त्यानं १९५० साली मांडलं की वाढ मरेपर्यंत चालते. त्याच्या आठ टप्प्यांतले तीन मोठेपणीचे. तरुणपणी पेच असतो तो कुणाशी खरी जवळीक जमते की माणूस एकटा पडतो, याचा. मधल्या वयात, मागून येणाऱ्यांसाठी काही उभं करतो की साचून राहतो, हा. आणि उतारवयात, जे जगलो ते आपलं म्हणून पोटात घेता येतं की हताशा येते, हा. तुमच्या घरात तिन्ही पेच हजर आहेत. मुलगा पहिल्यात, तुम्ही दोघं दुसऱ्यात, मामंजी तिसऱ्यात. त्यामुळं ‘एकदम’ काही झालेलं नाही. प्रत्येकाचं आपापल्या वेळेला आलंय, गाठ मात्र एकाच सोप्यात पडलीय.

एरिक्सनच्या वयाच्या रेघा आपल्या घरांना तंतोतंत लागू पडत नाहीत, हेही खरं. आपल्याकडची सून पंचविशीतच तिन्ही वयांची कामं करत असते. पण त्याची एक गोष्ट मला पटते: प्रत्येक वयाला त्याचं म्हणून काम असतं. ‘वय झालं’ असं म्हणून विषय मिटवला की दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, बरा होण्याजोगा आजार. दुसरी, त्या वयाचं अजून करायचं राहिलेलं काम. तुमच्या घरात चौघांचंही हे दोन्ही झाकलं गेलंय असं मला पत्रातून दिसतं.

मामंजींच्या बाबतीत मला घाई आहे. पहाटे तीनची जाग, मेलेली भूक, ज्या फेरीला वर्षानुवर्षं गेले तिथं न जाणं, आणि ‘फुकट गेलं’. हे सगळं एकत्र असलं की आधी नैराश्याचा विचार करायचा. म्हातारपणीचं नैराश्य बहुतेक वेळा रडत येत नाही. ‘तोंडाला चव नाही’, ‘पोट साफ होत नाही’, ‘अंग दुखतंय’ असं म्हणत येतं, म्हणून ते वयाच्या खात्यावर टाकलं जातं. त्यात माणूस विसरायलाही लागतो, आणि मग घरचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. नैराश्यातला माणूस ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार बहुधा स्वतः करतो. डिमेन्शियात, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू ढासळत जाण्याच्या आजारात, उलट तो ‘माझं सगळं ठीक आहे’ म्हणतो आणि तक्रार घरचे करतात. हा फरक लक्षात ठेवा, पण त्यावर घरी बसून निकाल देऊ नका. दोन्ही एकत्रही असू शकतं. शिवाय बी-१२ची कमतरता, थायरॉइड, रक्तातलं सोडियम उतरणं (बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उतरतं) यांनीही विसरभोळेपणा येतो, आणि तो बराचसा भरून निघतो. रक्ताची साधी तपासणी आहे ही. ते सध्या घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता, अगदी झोपेच्या नि अंगदुखीच्यासुद्धा.

स्मरणशक्तीची चाचणी करायची झाली तर ती मराठीत घ्या म्हणून आवर्जून सांगा. हा मानापमानाचा मुद्दा नाही. चाचणीत वार उलटे म्हणायला लावतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, वाक्य लिहायला लावतात. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला, त्यातून कन्नडसक्तीविरुद्ध लाठ्या खाल्लेल्याला, हे कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करायला सांगितलं तर मार्क कमीच पडणार आणि नसलेला आजार कागदावर येणार. बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर आणि समुपदेशक मिळायला अडचण नाही. शिक्षण किती झालंय, चष्मा लावलाय का, ऐकू नीट येतं का, हेही आधी सांगा.

दोन प्रसंगांत मात्र थांबायचं नाही. दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ वाढला, दिवस-रात्र कळेना, नसलेली माणसं दिसायला लागली, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. दुसरा प्रसंग बोलायला जड आहे. त्यांना सरळ विचारा, ‘मामंजी, जगणं नकोसं वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ असेल, किंवा उत्तर न देता ते नुसते गप्प बसले, तर त्यांना एकटं ठेवू नका. गोळ्यांचा साठा आणि घरात काही कीटकनाशक असेल तर ते हलवा, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. रात्रीची वेळ असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२पासून देशभर चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते, मराठी नि कन्नड दोन्ही आहेत. मोठ्या तपासणीसाठी धारवाडची डिम्हान्स ही मनोविकारांची सरकारी संस्था आपल्याला जवळची. नैराश्याच्या गोळ्या म्हातारपणीही लागू पडतात. फक्त थोड्या डोसनं सुरू करतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका.

गोळ्यांनी झोप येईल, भूक येईल. ‘फुकट गेलं’ याचं काय?

१९६३ साली रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं एक साधी गोष्ट लिहिली. म्हातारी माणसं सारखी जुनं उगाळतात, हे त्या वेळी भ्रमिष्टपणाचं लक्षण मानायचे. बटलर म्हणाला, हे त्या वयाचं कामच आहे. आयुष्य मांडीवर घेऊन पुन्हा बघायचं, जुळवायचं. पहाटे तीनला मामंजी ट्रंक उघडतात ते हेच. फक्त एकटे करतात. एकट्यानं केलं की माणूस त्याच त्या कात्रणापाशी अडकतो.

तर त्यांच्याजवळ बसा. पहाटे तीनला नको, दुपारी. एक कात्रण बाहेर काढा. ‘यातून काय मिळालं?’ असं चुकूनही विचारू नका, तो प्रश्न ते स्वतःला रोज विचारतायत. त्याऐवजी बारीक विचारा. हिंडलग्याला पहिल्या रात्री जेवायला काय दिलं? शेजारच्या घोंगडीवर कोण होतं? सासूबाईंना निरोप कुणी दिला? त्या घरी एकट्या, पदरात शाळकरी पोर, मग त्या महिन्यात माग कोणी चालवला? या शेवटच्या प्रश्नावर बहुधा ते थांबतील. तिथं तुम्हीही थांबा. लढ्याची किंमत घरातल्या बाईनं मोजली, हे कळणं हासुद्धा जगलेलं पोटात घेण्याचाच भाग आहे, आणि तो गोड नसतो.

समजूत मात्र घालू नका. ‘लागेल हो निकाल’ म्हणू नका. ५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ते शाळकरी पोर होते, ६७ साली सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा विशीतले, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा साठीच्या उंबऱ्यावर. त्यांना तारखा तुमच्यामाझ्यापेक्षा पाठ आहेत. आणि ‘जाऊ द्या आता, सोडा तो विषय’ असंही म्हणू नका. विषय म्हणजे त्यांचं आयुष्य आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल, लागायचा तसा लागेल. आपल्या आयुष्याचा जमाखर्च त्या एका निकालावर टांगून ठेवायचा की नाही, हे त्यांनीच ठरवायचं आहे. एरिक्सननं जे म्हटलंय त्यात जिंकणं कुठंच नाही. हेच आयुष्य होतं, ते मीच जगलो, त्याच्या जागी दुसरं नव्हतं, एवढं म्हणता येणं आहे. थोडी हताशा त्यात उरतेच, ती उरू द्यावी.

त्याच्या पत्नीनं, जोन एरिक्सननं, नवरा गेल्यावर आणि स्वतः नव्वदी ओलांडल्यावर या आठांत नववा टप्पा घातला. तिचं म्हणणं, ऐंशीनंतर शरीरच भरवशाचं राहत नाही आणि आधीचे सगळे पेच पुन्हा वर येतात, अगदी बाळपणीचा ‘विश्वास ठेवू का’ हाही. तुमच्या घरापुरता याचा अर्थ साधा आहे. रात्री मोरीपर्यंत दिवा ठेवा, ओल्या फरशीवर पायपुसणं सरकत नाही ना बघा, धरायला कडी बसवा. पहाटे तीनला उठणारा माणूस पडून खुब्याचं हाड मोडून घेतो, आणि मग बाकी सगळं बोलणं राहूनच जातं.

मालकांबद्दल तुम्ही लिहिलंय, हाक मारली तरी ओ देत नाहीत. रुसवा असेल, दारू असेल, पण एक शंका मला जास्त येते. कान. तीस वर्षं पॉवरलूमशेजारी उभं राहिलेल्या माणसाचे कान शाबूत असतील तर नवल. धोटा आपटत असताना शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि इतका आवाज वर्षानुवर्षं कानात गेला की आतल्या बारीक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ असे वर्ण आणि बायका-पोरांचे आवाज. पुरुषाचं जाडं बोलणं ऐकू येतं, म्हणून मित्रांत बसतात तेव्हा ठीक वाटतं. तुम्ही स्वयंपाकघरातून बोलता ते नुसतं गुणगुण येतं. सारखं ‘काय?’ विचारायची लाज वाटून माणूस बोलणंच सोडतो. टीव्हीचा आवाज वाढलाय का बघा. तुम्ही पाठमोऱ्या असताना बोललात तर उत्तर येत नाही आणि तोंडासमोर बोललात तर येतं, असं आहे का? मग दोघा बापलेकांचे कान एकाच दिवशी तपासून आणा. ऐकू कमी येणं हे पुढं डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे आणि त्यावर मशीनचा उपाय आहे. चाळिशी लागल्यावर चष्मा लावतोच ना आपण.

कानाबरोबर त्यांचं बीपी आणि उपाशीपोटीची साखर बघा. १४०/९०च्या वर बीपी पुन्हा पुन्हा आलं, किंवा उपाशी साखर १२६ किंवा त्यावर आली, तर उपचार लागतो. साखर १०० ते १२५मध्ये असली तर सावध व्हायची वेळ. दोन्ही आजार वर्षानुवर्षं काही दुखवत नाहीत, म्हणून पुरुष तपासत नाहीत. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी, साखर, तोंडाची तपासणी, आणि बायकांची स्तनाची नि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी फुकट होते. तुम्हीही तेव्हाच करून घ्या.

दारूचं त्यांच्याशी सकाळी बोला, ते पिऊन आलेले असताना नको. आणि एक इशारा: रोज बरीच पिणाऱ्यानं देवाची शपथ घेऊन एका दिवसात बंद केली तर हात कापणं, फिट येणं, भ्रम होणं असलं काही होऊ शकतं. सोडायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली.

पण दारूच्या मागं काय आहे ते मला दिसतंय. दोन माग विकले ते यंत्र म्हणून नाही विकले. मधल्या वयाचा माणूस ‘माझ्यामागं हे कोण चालवणार’ असं विचारतो तेव्हा त्याला पोरगं नोकरीला लागल्याचा आनंद आणि माग बंद पडल्याचं दुःख एकाच वेळी होतं, आणि दुसऱ्याबद्दल बोलायला तोंड नसतं, कारण पहिलं आहे ना! एरिक्सनला हे वय इतकं महत्त्वाचं वाटलं की त्यानं गांधीजींच्या १९१८च्या अहमदाबाद गिरणी संपावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. गांधीजी तेव्हा ४८ वर्षांचे होते. तुमच्याएवढे. कापड आणि मजुरीच्या भांडणातून त्यांना आपलं पुढचं काम सापडलं. तुमच्या मालकांना एवढं मोठं काही सापडायची गरज नाही. सूत तुटल्याचं नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस गल्लीतल्या एखाद्या पोराला कामाला लावू शकतो, दुसऱ्याचे माग दुरुस्त करू शकतो. मागून येणारा आपल्याच पोटचा असला पाहिजे असं एरिक्सननं कुठं म्हटलेलं नाही. हे तुम्ही सुचवू नका मात्र. बायकोनं सुचवलं की ते टोमण्यासारखं लागतं. त्यांच्या जोडीदार विणकरांपैकी कुणाला सांगा.

मुलाबद्दल थोडंच लिहिते, कारण मला चौघांत त्याची काळजी सगळ्यात कमी वाटते. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञानं २०००मध्ये दाखवून दिलं की विशीतली वर्षं आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. नोकरी, गाव, जोडीदार सगळं ठरायला तिशी उजाडते. या वयाचं काम जवळीक हे आहे, लग्न नव्हे. लग्न करून आयुष्यभर एकटी राहिलेली माणसं तुम्हाला वडगावातही दाखवता येतील. त्यामुळं रविवारच्या फोनवर लग्नाचा विषय दोन-तीन महिने बाजूला ठेवा. विचारायचं ते हे: रूमवर कोण कोण आहे? आजारी पडलास तर डबा कोण आणून देतं? झोप किती होते? त्यात कुणाचं एखादं नाव पुन्हा पुन्हा आलं, मित्राचं म्हणा, मैत्रिणीचं म्हणा, तर निश्चिंत व्हा. नावच आलं नाही, फोन तुटक होत गेले, आवाज बसलेला वाटला, तर स्वतः जाऊन या पुण्याला. सामान घेऊन, पण स्थळं घेऊन नको.

आणि जमलं तर आजोबांच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करायचं काम त्याच्याकडं द्या. तो करेलच असं नाही. पहिल्यांदा कंटाळेलही.

ता.क.मध्ये तुम्ही विचारलंय की मामंजी दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात, ‘मला काय झालंय?’ म्हणतात, मग त्यांना काय सांगून न्यायचं. खोटं सांगून नेऊ नका; एकदा फसवलेलं म्हातारं माणूस दुसऱ्यांदा रिक्षात बसत नाही. कानापासून सुरुवात करा, ते खरंच आहे आणि त्यात कमीपणा वाटत नाही. मालकांचे कान दाखवायचे आहेत, तुम्हीही चला, दोघांचे एकदम होतील, असं म्हणा. रक्त तपासायला तुमचं काढायचंच आहे, तिथंच त्यांचंही काढून घ्या. रिपोर्ट हातात आले की मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं ‘झोपेसाठी’ म्हणून जा. तीनला जाग येते हे ते स्वतः कबूल करतात, म्हणजे तेही खोटं होत नाही. सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर ते थकतात. डॉक्टरांना सांगायचं ते सगळं, म्हणजे कधीपासून, काय काय, कुठल्या गोळ्या, एका कागदावर मराठीत लिहून न्या आणि मामंजींच्या देखत त्यांच्याबद्दल बोलायच्या आधी त्यांना विचारा, ‘मी सांगू का, की तुम्ही सांगताय?’ बहुधा तेच सांगतील.